संग्रह पुरा कधीं म्हणावा ?

एखादें घर बांधून झालें आणि माणसें त्यांत राहावयास गेलीं, म्हणजे घर पुरें झालें असें आपण म्हणतों. परंतु कांहीं कामें अशीं असतात, कीं तीं पुरीं झालीं किंवा नाहीं याविषयीं जाणत्यांचेंही एकमत होत नाहीं. आणि हा मतभेद केवळ शब्दांचा नसून त्याचे परिणाम पुढें वीस वीस, तीस तीस वर्षें पुष्कळांना भोगावे लागतात. संगणकाच्या भाषेबरोबर जो साधनांचा प्रमाण संग्रह दिला जातो, त्याची गोष्ट अशीच आहे. या संग्रहाला लायब्ररी असें म्हणतात. ग्रंथसंग्रहालयाशीं तिचा संबंध नाहीं. पण आपल्याकडील जाणकारही हाच शब्द वापरतात, तेव्हां मीही आज तोच वापरणार आहें.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें म्हणजे त्याला समजेल अशा भाषेंत आज्ञा लिहून द्यावयाच्या. या आज्ञांच्या जुळणीला प्रोग्रॅम म्हणतात. प्रोग्रॅम बँकेचा असो, आगगाडीच्या तिकिटांचा असो, नाहीं तर मुलांच्या खेळाचा असो, कांहीं गोष्टी त्यांत हटकून लागतात : नांवांची यादी ठेवणें, ती अनुक्रमानें लावणें, तींतून हवें तें नांव शोधून काढणें, दोन शब्द जोडणें, आंकडे छापणें. प्रत्येकानें या गोष्टी पहिल्यापासून लिहीत बसूं नये, म्हणून त्या कोणी तरी एकदांच नीट लिहून व पारखून ठेवतो, तीच लायब्ररी. आणि 'प्रमाण' लायब्ररी म्हणजे अशी, कीं एका अधिकृत समितीनें तींतील प्रत्येक साधनाचें नांव, त्याचें काम आणि त्याची मर्यादा लेखी ठरवून दिलेली असते. त्या भाषेचा कंपायलर, म्हणजे माणसाच्या आज्ञा यंत्राच्या बोलींत उतरविणारा दुभाषी, जी जी कंपनी तयार करील तिला तीं साधनें त्याच नांवांनीं पुरवावीं लागतात.

आतां या संग्रहांत काय काय असावें ? भाड्याच्या जागेंत घरमालकानें काय बसवून द्यावें आणि बिऱ्हाडकरूनें आपलें काय आणावें, या प्रश्नावर जसे दोन पक्ष पडतात, तसेच येथेंही पडतात. एक पक्ष म्हणतो, नेहमीं लागणारी वस्तु संग्रहांत नसेल तर संग्रह अपुरा. तो तसाच प्रसिद्ध करूं नका. दुसरा म्हणतो, आहे तें चांगलें आहे ना ? मग तें द्या. राहिलेलें मागाहून पाहूं. वर वर पाहतां हा घाई आणि सबुरी यांचा झगडा दिसतो. तो तसा नाहीं, हें मला सी-प्लस-प्लस या भाषेच्या उदाहरणानें दाखवावयाचें आहे. आपण ज्या क्रोम ब्राउझरमधून वर्तमानपत्र वाचतां, त्याचा फार मोठा भाग याच भाषेंत लिहिलेला आहे. विषय परका वाटला, तरी तो आपल्या घरांत आधींच येऊन बसलेला आहे.

ही भाषा ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप या डॅनिश गृहस्थांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रचली. १९७९ सालीं त्यांनीं कामास आरंभ केला आणि १९८५ सालीं ती विक्रीस आली. भाषा समर्थ होती. पण तिच्याबरोबर यादी, शब्द, कोष्टक असलीं साधीं साधनें जवळ जवळ नव्हतींच. परिणाम असा झाला, कीं ज्याला त्याला आपलीं साधनें आपणच करावीं लागलीं. शब्द सांठविण्याची एका कंपनीची रीत निराळी, दुसरीची निराळी. एका ठिकाणचा प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणच्या प्रोग्रॅमशीं बोलूं लागला, म्हणजे मध्यें रूपांतराची तजवीज करावी लागे. मनमाडला एके काळीं मोठ्या रुळांवरील डब्यांतला माल उतरवून लहान रुळांवरील डब्यांत भरावा लागे, त्यांतलाच हा प्रकार. माल तोच, पण सांध्यासांध्यावर हमाली. पुढें १९९४ सालीं आपल्या भाषेच्या जडणघडणीचा ग्रंथ लिहितांना स्ट्रूस्ट्रुप यांनीं स्वतःच कबूल केलें, कीं आपल्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक हीच : निदान थोडीं मूलभूत साधनें बरोबर देतां येईपर्यंत प्रकाशन लांबवावयास हवें होतें. 'अपुरें देऊं नका' म्हणणाऱ्या पक्षाला भाषेच्या जनकाच्या साक्षीहून मोठा आधार कोणता हवा ?

या भाषेचें प्रमाण रूप ठरविण्यासाठीं अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेची समिति १९८९ सालीं बसली आणि पुढें आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेची समिति तिच्या जोडीस आली. कांहीं वर्षें काम चाललें. मसुदा आतां लौकर हातावेगळा करावा अशी भावना बळावत असतांनाच, १९९३ च्या नोव्हेंबरांत, कॅलिफोर्नियांतील सॅन होझेच्या बैठकींत अलेक्झांडर स्टेपानोव्ह नांवाच्या, मूळच्या मॉस्कोच्या संशोधकानें समितीपुढें एक व्याख्यान दिलें. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेंत मेंग ली यांच्या साहाय्यानें त्यांनीं एक निराळ्याच धाटणीची लायब्ररी तयार केली होती.

तिची कल्पना अशी. समजा, माहिती ठेवण्याचे दहा तऱ्हेचे डबे आहेत आणि माहितीवर करावयाचीं पन्नास तऱ्हेचीं कामें आहेत. जुन्या पद्धतीनें प्रत्येक डब्यासाठीं प्रत्येक काम निराळें लिहावें लागे. म्हणजे पांचशें साधनें. स्टेपानोव्ह म्हणाले, डबे निराळे ठेवा, कामें निराळीं ठेवा, आणि दोहोंच्या मध्यें एक ठराविक सांधा ठेवा. डब्यानें एवढेंच सांगावें, कीं 'ही माझी पहिली वस्तु, ही पुढची, येथें शेवट झाला'. आणि कामानें एवढ्याच माहितीवर आपलें काम करावें. मग पांचशेंच्या ऐवजीं साठ साधनांत भागतें. शिवाय अकरावा डबा उद्यां कोणी आणला, तर तो सांधा पाळतो एवढें पाहिलें म्हणजे ज्या कामांना तेवढा सांधा पुरतो तीं सर्व त्याला आपोआप लागू पडतात. ही शेवटची गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व वादाचें मर्म तींत आहे.

व्याख्यान सभासदांच्या मनांत भरलें, आणि अँड्र्यू कोनिग या सभासदानें स्टेपानोव्ह यांना मार्चच्या बैठकीपूर्वीं रीतसर प्रस्ताव देण्यास सांगितलें. १९९४ च्या मार्चांत प्रस्ताव आला, आणि त्याबरोबर अपुरेपणाचा आक्षेपही आला. त्या लायब्ररींत ओळीनें वस्तु ठेवण्याचे डबे होते. परंतु नांव दिलें कीं त्याच्याशीं जोडलेली माहिती काढून देणारें कोष्टक नव्हतें. टेलिफोनच्या यादींत नांवावरून नंबर शोधतात तशा या कोष्टकाशिवाय संग्रह पुरा कसा म्हणावा ? येथें समितीनें फार शहाणपणा दाखविला, असें मला वाटतें. आक्षेप नुसता नोंदवून प्रस्ताव परत पाठविला नाहीं; काय हवें तें नेमकें सांगितलें, आणि अशा कोष्टकाचे नियम परस्परांशीं जुळतात हें प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहून सिद्ध झालें पाहिजे अशी अपेक्षा धरली. स्टेपानोव्ह यांनीं तें काम आपले जुने सहकारी डेव्हिड मसर यांच्यावर सोंपविलें. चार महिन्यांत तें झालें, आणि जुलैमध्यें कॅनडांतील वॉटर्लू येथें प्रस्ताव मंजूर झाला. ऑगस्टांत ह्युलेट-पॅकार्ड कंपनीनें ती लायब्ररी इंटरनेटवरून सर्वांना फुकट देऊन टाकली.

तरीही एक कोष्टक राहून गेलें, आणि तेंच पुढें वादाचें मुख्य कारण झालें.

मंजूर झालेलें कोष्टक नांवें अनुक्रमानें लावून ठेवतें. शब्दकोशांत शब्द पाहतांना आपण पुस्तक मध्यावर उघडतों, शब्द अलीकडे कीं पलीकडे तें पाहतों, आणि दर वेळीं अर्धा भाग वगळीत जातों. तशीच त्याची रीत. दहा लाख नांवें असलीं तरी सुमारें वीस तुलनांत हवें तें नांव सांपडतें. परंतु याहून जलद एक रीत आहे. नांवांतील अक्षरांवर कांहीं ठराविक गणित करावयाचें, त्याचें उत्तर म्हणून खणाचा क्रमांक काढावयाचा, आणि सरळ त्या खणांत हात घालावयाचा. टपाल वांटणारा मनुष्य पत्ता वाचतांच पत्र नेमक्या खणांत टाकतो. त्याला मागचीं पुढचीं पत्रें चाळावीं लागत नाहींत. गणित चांगलें असेल तर सरासरी एक दोन तुलनांतच काम होतें. याला हॅश कोष्टक म्हणतात. त्याचा क्रम मात्र कांहीं राहत नाहीं. यादी अनुक्रमानें छापा म्हटलें तर तें हात टेकतें.

हें कोष्टकही प्रमाण व्हावें असा प्रस्ताव बॅरेरो, फ्रेली आणि मसर या तिघांनीं मांडला होता. मसर म्हणजे पहिल्या कोष्टकाचें काम चार महिन्यांत पुरें करून देणारे तेच. परंतु मुदत टळून गेली होती. नवे मोठे प्रस्ताव घेत राहिलों तर प्रमाण कधींच बाहेर पडणार नाहीं, या विचारानें समितीनें तो घेतला नाहीं. प्रस्तावांतील दोषांपेक्षां वेळेचेंच कारण मुख्य होतें.

हा निर्णय बरोबर होता काय ? ज्यांना रोज हॅश कोष्टक लागतें त्यांचा संताप समजण्यासारखा होता. तरी त्या वर्षापुरता तो बरोबर होता असें माझें मत आहे. हॅश कोष्टकाचा जलदपणा सरासरीचा आहे, हमीचा नाहीं. दुर्दैवानें सर्व नांवें एकाच खणांत पडलीं, तर सगळा गठ्ठा एक एक करून चाळावा लागतो. आणि दुर्दैवाची गोष्टच कशाला ? अमेरिकेंतील राइस विद्यापीठाच्या क्रॉस्बी आणि वॉलक या संशोधकांनीं २००३ सालीं दाखवून दिलें, कीं एखादा खोडसाळ मनुष्य मुद्दाम एकाच खणांत पडतील अशीं नांवें निवडून पाठवील, तर मोठमोठीं यंत्रेंही त्या कामांत अडकून पडतील. म्हणजे १९९४ सालीं ज्या वस्तूला सर्वजण परिचित समजत होते, तिचा एक कोपरा अजून अंधारांतच होता.

परंतु निर्णय बरोबर असला, तरी त्याची किंमत समितीनें फार हलकी धरली. प्रमाणाची पहिली आवृत्ति १९९८ सालीं निघाली. हॅश कोष्टक ज्या आवृत्तींत आलें ती २०११ सालीं. मधल्या काळांत लोक कांहीं हात जोडून बसले नाहींत. सिलिकॉन ग्राफिक्सनें आपलें हॅश कोष्टक दिलें, ग्नू कंपायलरबरोबर एक आलें, मायक्रोसॉफ्टनें आपलें दिलें; सर्वांचें नांव बहुधा 'हॅश मॅप' आणि वागणूक मात्र थोडी थोडी निराळी. पूर्वींचा मनमाडचा सांधा पुन्हा उभा राहिला. २००३ च्या सुमारास मॅथ्यू ऑस्टर्न यांनीं हा प्रस्ताव पुन्हा चालना देऊन पुढें नेला. पण तोंवर सरळ नांव दुसऱ्यांनीं व्यापलेलें होतें. त्या नांवावर चालणारे हजारों प्रोग्रॅम मोडूं नयेत म्हणून प्रमाण कोष्टकाला 'अनऑर्डर्ड मॅप', म्हणजे 'क्रम नसलेलें कोष्टक', असें म्हणावें लागलें. वस्तूचें नांव तिच्या गुणावरून न पडतां तिच्यांत काय नाहीं यावरून पडावें, अशीं उदाहरणें थोडींच असतील.

आणि तरी या कथेंत एक समाधानाची गोष्ट आहे. हॅश कोष्टक इतक्या उशिरां येऊनही जुन्या इमारतीचा एक चिराही हलवावा लागला नाहीं. स्टेपानोव्ह यांनीं डबे आणि कामें यांच्यामध्यें जो सांधा ठेविला होता, त्यांत नवा डबा येऊन बसला. शोधणें, मोजणें, नक्कल करणें हीं १९९४ चीं साधनें २०११ च्या कोष्टकावर जशींच्या तशीं चालूं लागलीं. १९८५ च्या भाषेंत तसा सांधाच नव्हता, म्हणून तेथें प्रत्येकानें आपापली भिंत बांधली आणि त्या भिंती पुढें एकमेकींना जुळल्या नाहींत. एखाद्या मसुद्यांत अमुक वस्तु नाहीं या आक्षेपाचें वजन म्हणूनच वस्तूवरून ठरत नाहीं. ती उद्यां आणली तर तिला जागा आहे काय, यावरून तें ठरतें.

याचें एक गमतीचें प्रमाण पाहा. १९९८ च्या लायब्ररींत अशी सोय होती, कीं यादींतील ज्या वस्तूंना एखादी अट लागू पडत नाहीं, तेवढ्यांची नक्कल दुसऱ्या यादींत करावी. ज्यांना ती अट लागू पडते त्यांची नक्कल करण्याची सोय मात्र नव्हती ! 'कॉपी-इफ' नांवाचें हें साधन कोणी विचारपूर्वक गाळलें नव्हतें. तें अनवधानानें सुटलें आणि २०११ पर्यंत सुटलेलेंच राहिलें. अपुरेपणाची याहून हास्यास्पद तऱ्हा सुचणें कठीण. परंतु नुकसान किती झालें ? जवळ जवळ शून्य. ज्याला तें साधन हवें होतें त्यानें चार ओळींत लिहून घेतलें, आणि पुढें प्रमाण साधन आल्यावर त्या चार ओळी पुसून टाकल्या.

आतां तराजूचें दुसरें पारडें. वस्तु राहून गेली तर ती मागाहून आणतां येते. पण एकदां आंत आलेली वस्तु बाहेर घालविणें किती जड जातें, तें पाहावें. सी-प्लस-प्लसची वडीलधारी भाषा सी. तिच्या लायब्ररींत 'गेट्स' नांवाचें एक साधन होतें. बाहेरून आलेली ओळ आंत घेणें हें त्याचें काम. पण ठेवण्यास जागा किती आहे हें तें कधीं विचारीतच नसे. घागर भरून वाहूं लागली तरी नळ बंद न करणाऱ्यासारखें. १९८८ च्या नोव्हेंबरांत इंटरनेटवरील हजारों यंत्रें ज्या 'मॉरिस वर्म' मुळें कुंठित झालीं, त्यानें आंत शिरण्यासाठीं वापरलेली एक वाट याच साधनांतून जात होती. पुढच्याच वर्षीं, १९८९ सालीं, सी भाषेचें प्रमाण निघालें, आणि त्यांत 'गेट्स' होतें ! जुने प्रोग्रॅम त्यावर अवलंबून होते, म्हणून. तें काढून टाकावयास २०११ साल उजाडावें लागलें.

सी-प्लस-प्लसच्या १९९८ च्या संग्रहांत 'ऑटो पॉइंटर' असेंच एक साधन घेतलें गेलें. स्मृतींतील जागेची मालकी सांभाळणें हा त्याचा हेतु चांगला होता. परंतु त्याची नक्कल केली कीं मालकी नकलेकडे जाई आणि मूळ रिकामें होई. खरेदीखताची नक्कल काढावी आणि कपाटांतला मूळ दस्तऐवज कोरा व्हावा, तसें. भाषेंत मालकी उघडपणें हस्तांतरित करण्याची सोयच त्या काळीं नव्हती. तिच्यावांचून हें साधन नीट होणें शक्य नव्हतें. ती सोय २०११ सालीं आली, तेव्हां त्याच्या जागीं दुसरें साधन आलें, आणि २०१७ च्या आवृत्तींतून तें काढून टाकलें गेलें. एकोणीस वर्षें ! कॉपी-इफच्या अभावानें कोणाचें कांहीं गेलें नाहीं. ऑटो पॉइंटरच्या असण्यानें मात्र पुष्कळांच्या रात्री चुका शोधण्यांत गेल्या असतील.

थांबलें म्हणजे वस्तु निर्दोषच येते, असेंही नाहीं. हॅश कोष्टक तेरा वर्षें उशिरां आलें, तरी प्रमाणानें त्याचे अंतर्गत खण बाहेरून मोजतां येतील अशी व्यवस्था लिहून ठेवली. त्यामुळें पुढें ज्या अधिक जलद मांडण्या निघाल्या त्या या प्रमाणांत बसेनात, आणि गूगलसारख्या कंपनीनें २०१८ सालीं आपलीं निराळीं कोष्टकें सर्वांस खुलीं केलीं. सबुरी आणि दूरदृष्टि या एकाच वस्तूचीं दोन नांवें नव्हेत.

पायथॉन या भाषेनें अगदीं उलट मार्ग धरला. यंत्राबरोबर विजेऱ्याही आंतच, असें तिचें ब्रीद; नवशिक्याला बाजारांत जावें लागूं नये इतकीं साधनें तिनें बरोबर दिलीं, आणि तिच्या लोकप्रियतेंत याचा वांटा मोठा आहे. तरी २०२४ च्या ऑक्टोबरांत तिच्या ३.१३ या आवृत्तींतून मृतवत् झालेले एकोणीस विभाग काढून टाकावे लागले. सी-प्लस-प्लसच्या समितीनें दुसराच उपाय काढला : २०११ नंतर दर तीन वर्षांनीं आवृत्ति. २०१४, २०१७, २०२०, २०२३ अशी ही मालिका चालली. २०२३ ची छापील प्रत मात्र २०२४ सालीं निघाली, पण तो कचेरीचा उशीर. गाडी वेळेवर सुटते. जो प्रस्ताव फलाटावर पोंचला नसेल तो पुढच्या गाडीनें जाईल. १९९४ सालीं गाडी चुकली म्हणजे सतरा वर्षें खोळंबा होई, म्हणून प्रत्येकजण अर्धामुर्धा प्रस्ताव डब्यांत कोंबण्याची धडपड करी. मुदत आखूड झाल्याबरोबर त्या वादांतला कडवटपणा बराच ओसरला.

अर्थात् सर्वच वाद मिटले नाहींत. यंत्रांनीं एकमेकांस संदेश पाठविण्याचीं साधनें, म्हणजे नेटवर्किंग, २०१८ सालीं प्रायोगिक स्वरूपांत प्रसिद्ध झालीं. पण २०२३ च्या आवृत्तींतही त्यांना प्रमाणाचा मान मिळाला नाहीं. आजच्या काळीं नेटवर्किंगवांचून लायब्ररी पुरी कशी, हा प्रश्न वाजवी आहे. पण सुरक्षित, गुप्त लिपींत जाणाऱ्या संदेशांची सोय नसतांना नुसतीं उघडीं संदेशसाधनें प्रमाण म्हणून द्यावींत काय, हाही प्रश्न तितकाच वाजवी आहे. 'गेट्स' चा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याचें मत कोणीकडे झुकेल हें सांगावयास नको. माझेंही तिकडेच झुकतें.

येथवर मी परदेशांतील सभांच्या गोष्टी सांगितल्या. आतां मराठी माणसाच्या दाराशीं येऊं. सी-प्लस-प्लसच्या लायब्ररींत शब्द ठेवण्याचें एक साधन आहे. त्याला 'स्ट्रिंग' म्हणतात. त्याला लांबी विचारली तर तें सांगतें. रोमन लिपींत पांच अक्षरांचा शब्द दिला तर पांच म्हणतें. आपण 'स्त्री' हा शब्द देऊं. आपल्या हिशेबानें हें एक जोडाक्षर. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतानुसार त्याचे सहा घटक होतात : स, हलन्ताचें चिन्ह, त, पुन्हा हलन्ताचें चिन्ह, र आणि दीर्घ ईकार. रूढ साठवणींत, म्हणजे यूटीएफ-८ मध्यें, प्रत्येक घटकाला तीन घरें लागतात. तेव्हां स्ट्रिंग उत्तर देतें : अठरा. 'लक्ष्मीबाई' या नांवांत आपण चार अक्षरें मोजतों. स्ट्रिंगच्या मतें तीं तीस आहेत. अर्जांत नांवासाठीं वीस घरें ठेवून कोणी या साधनाच्या भरंवशावर राहिला, तर लक्ष्मीबाईंचें 'लक्ष्म' होतें, आणि पुढें ईकाराचे दोन निरर्थक तुकडे लोंबत राहतात, त्यांच्या जागीं पडद्यावर चौकोन दिसतो किंवा प्रश्नचिन्ह. शब्द अक्षरशः कोठें तोडावा, हें सांगणारें साधन २०२३ च्या प्रमाण संग्रहांतही नाहीं. आपल्या दृष्टीनें पाहतां हा संग्रह अपुरा आहे.

याचा दोष १९९४ च्या समितीला द्यावा काय ? तेव्हां युनिकोड बाल्यावस्थेंत होतें. यूटीएफ-८ ची युक्ति निघून दोनच वर्षें झालीं होतीं. आणि समजा, अक्षरें तोडण्याचे नियम तेव्हां किंवा मागाहून घाईनें प्रमाण केले असते, तर काय झालें असतें ? युनिकोडच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणें 'स्त्री' चे स्, त् आणि री असे तीन तुकडे पडत असत. देवनागरीचें जोडाक्षर अखंड मानावें, हा नियम त्या संकेतांत २०२३ च्या १५.१ या आवृत्तींत आला. जुना नियम सी-प्लस-प्लसच्या प्रमाणांत कोरला गेला असता, तर आज आपल्याला अभावाशीं नव्हे, अधिकृत चुकीशीं झगडावें लागलें असतें. रूपांतराचीं कांहीं साधनें २०११ सालीं घातलीं होतीं. तीं २०१७ सालीं 'वापरूं नयेत' म्हणून जाहीर करावीं लागलीं, हा अनुभव ताजा आहे.

तेव्हां साधन राहून गेलें याबद्दल माझी तक्रार नाहीं. तक्रार आहे ती स्ट्रिंगच्या घडणीबद्दल. डबे आणि कामें यांच्यामध्यें स्टेपानोव्ह यांनीं जसा सांधा ठेवला, तसा साठवणीचें घर आणि वाचणाराचें अक्षर यांच्यामध्यें येथें कोणीं ठेवलाच नाहीं. दोन्ही एकच आहेत असें रोमन लिपीच्या संवयीनें गृहीत धरलें गेलें. त्यामुळें जें हॅश कोष्टकाला सतरा वर्षांनींही सहज साधलें, तें देवनागरी अक्षराला साधत नाहीं. त्याला बसावयास खुर्चीच नाहीं. मग ज्याला गरज पडते तो बाहेरची आयसीयू नांवाची लायब्ररी आणतो आणि स्ट्रिंगशीं तिची सांगड घालीत बसतो.

२०१८ पासून समितीचा एक स्वतंत्र अभ्यासगट युनिकोडचाच विचार करीत आहे. त्याच्यापुढें मागणी करावयाची झाली, तर 'देवनागरीचीं सर्व साधनें द्या' अशी मी करणार नाहीं. तोडण्याचे नियम लायब्ररींत गोठवूं नयेत. यंत्रावर युनिकोडची जी आवृत्ति असेल तिच्याकडून ते घ्यावे, आणि लायब्ररीनें घटक व अक्षर यांच्यामधील सांधा तेवढा प्रमाण करून द्यावा. मग 'स्त्री' चें अक्षर एक कीं तीन, हें ठरविण्यासाठीं सी-प्लस-प्लसच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागणार नाहीं.